पंखा फिरेना, काटा उतरेना : मोटार तापली तर काय पाहावे?



बियाणे, फवारणी, जनावरांचे आजार यांवर आपण नेहमीच बोलतो. या वेळचे पत्रक मोटारीवर आहे. कोणी म्हणेल, शेतीच्या पत्रकात मोटार कशाला? पण बघा, आज गावोगाव एखादी तरी चारचाकी दिसते. कोणाकडे जुनी मारुती, कोणाकडे व्हॅन, कोणाकडे छोटा मालवाहू टेम्पो. खताची पोती त्यातूनच येतात, भाजीची कॅरेट त्यातूनच जातात. आणि रात्री-बेरात्री साप चावलेला गडी किंवा अडलेली बाळंतीण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यायची, तीही त्याच गाडीतून. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. अशा वेळी गाडी अर्ध्या वाटेत वाफा सोडत उभी राहिली, तर प्रश्न नुसता इंजिनाचा राहत नाही.

गाडी तापली की बहुतेक जण आधी पंख्याला दोष देतात. कोणी पंखा बदलतो, कोणी मीटर बदलतो, कोणी थर्मोस्टॅटचा वॉल काढून फेकतो. पैसे जातात आणि गाडी पुन्हा तापते. म्हणून या पत्रकातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. पंखा आणि काटा हे पाण्याच्या उष्णतेची खबर देणारे दोन वेगळे निरोपे आहेत. दोघांपैकी एक खोटे बोलू शकतो. आधी पाणी खरोखर तापले आहे का ते पाहा, मग कोण खोटा ते ठरवा, आणि त्यानंतरच खिशात हात घाला.

पाणी फिरते कसे?

इंजिनात जळलेल्या इंधनापैकी जेमतेम एक-तृतीयांश शक्ती कामी येते. उरलेली उष्णता धुराच्या नळीवाटे आणि पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. वॉटर पंप हे पाणी इंजिनातून फिरवतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा छोटा वॉल असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो. पाणी साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापले की तो उघडतो आणि पाण्याला रेडिएटरकडे वाट देतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून जाताना पाणी वाऱ्याने थंड होते आणि परत इंजिनात येते.

रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरचे झाकणच समजा. आत दाब राहतो म्हणून पाणी लवकर उकळत नाही. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९८-९९ अंशांनाच उकळते. झाकणाचा दाब चांगला असेल तर तेच पाणी ११५ ते १२० अंशांपर्यंत तग धरते. झाकणाचे रबर सुकले किंवा स्प्रिंग ढिली झाली, तर पंखा चांगला असूनही पाणी उकळून बाहेर पडते.

आता उन्हाळ्याचा हिशोब करा. हिवाळ्यात पहाटे हवा १०-१२ अंशांवर असते आणि रेडिएटरमधले पाणी ९० वर. म्हणजे जवळजवळ ८० अंशांचा फरक. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा हा फरक निम्म्याच्या जवळ येतो. हिवाळ्यात लपून राहिलेला बारीकसा दोष उन्हाळ्यात उघडा पडतो, तो यामुळे.

पट्ट्यावरचा पंखा आणि विजेवरचा पंखा

ट्रॅक्टरचा पंखा आपण रोज पाहतो. बहुतेक ट्रॅक्टरांत तो पट्ट्यावर असतो. इंजिन फिरले की तोही फिरतो. जुनी जीप, ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी यांचेही तसेच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिचे इंजिन आडवे बसवलेले होते. अशा इंजिनाचा पट्टा रेडिएटरपुढच्या पंख्यापर्यंत सरळ नेता येत नाही. म्हणून पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर दिली. आज बहुतेक लहान गाड्यांमध्ये हीच पद्धत आहे.

विजेवरचा पंखा सतत फिरत नसतो. पाणी साधारण ९२ ते १०० अंशांच्या दरम्यान, गाडीप्रमाणे, तापले की तो सुरू होतो आणि पाच-सात अंश उतरले की बंद पडतो. त्यामुळे सकाळी गाडी सुरू केली आणि पंखा फिरला नाही, तर घाबरू नका. ते बरोबरच आहे. एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखाही लागतो. पंखा जिवंत आहे की नाही हे पाहण्याची ही सर्वात सोपी खूण.

दुसरे असे की, जुन्या गाड्यांत पंख्याला हुकूम देणारा स्विच वेगळा आणि मीटरच्या काट्याला निरोप देणारा सेंडर वेगळा असतो. स्विच बहुधा रेडिएटरच्या टाकीवर असतो, सेंडर इंजिनावर. दोघांच्या वायरी वेगळ्या, दोघांचे दोष वेगळे. काटा वर गेला आणि पंखा लागला नाही, तर दोनच शक्यता. एक तर पाणी तापले आहे आणि पंख्याचा निरोप पोचला नाही. नाहीतर पाणी ठीक आहे आणि काटाच खोटे सांगतो आहे.

पहिला प्रश्न : गाडी कुठे तापते?

मिस्त्रीकडे जाण्याआधी एवढे मात्र नीट आठवा. गाडी उभी असताना तापते, की पळताना?

जिनिंगच्या फाटकापुढे रांगेत, बाजारात, रेल्वे फाटकावर तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. कारण पळताना समोरचा वारा पंख्याचे काम करतो.

उलट, नागपूर रस्त्यावर ७०-८० च्या वेगाने जाताना काटा चढतो, तर पंखा निर्दोष आहे. तिथे पाणी कमी असणे, रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबणे, थर्मोस्टॅट अडकणे, वॉटर पंप झिजणे किंवा पट्टा सैल होणे, यांतले एक काहीतरी आहे.

दुसरा प्रश्न : खरेच तापली का?

काटा लालवर आहे, पण वाफ नाही, वास नाही, बाटलीतले पाणी उकळत नाही, इंजिन नेहमीसारखे ओढते आहे. अशा वेळी काट्यावर संशय घ्या. पण संशय घेतला म्हणून गाडी हाकू नका. थांबा आणि बघा.

बॉनेट उघडून रेडिएटरच्या दोन जाड रबरी नळ्यांजवळ, झाकणाला हात न लावता, हात न्या. लगेच पकडू नका, आधी धग घ्या. वरची नळी चटका देणारी आणि खालचीही बऱ्यापैकी गरम, म्हणजे पाणी फिरते आहे. वरची चांगली गरम आणि खालची थंडगार, म्हणजे पाणी अडले आहे. थर्मोस्टॅट उघडला नाही, रेडिएटर तुंबला किंवा पंप पाणी ढकलत नाही. इथे एक गंमत लक्षात घ्या. पंख्याचा स्विच रेडिएटरच्या खालच्या बाजूला असेल आणि तिथवर गरम पाणीच पोचले नाही, तर तो पंखा लावणार कसा? लोक पंखा बदलतात आणि दोष राहतो वॉलमध्ये.

आणखी एक धोक्याची खूण सांगतो. काटा चढत चढत गेला आणि एकदम खाली पडला, इंजिन मात्र खडखडते आहे, ओढ कमी झाली आहे. "चला, उतरला" असे म्हणू नका. पाणीच संपले असेल, तर सेंडर कोरडा पडतो आणि काटा थंड दाखवतो. अशी गाडी दोन किलोमीटर जरी हाकली, तरी हेड वाकण्याची वेळ येते.

पंख्याची तपासणी

हात घालण्याआधी एक नियम पाळा. अनेक गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. म्हणून पात्यांजवळ काम करायचे असेल तर बॅटरीची मायनसची वायर सोडवा. उपरणे, ओढणी, बांगड्या दूर ठेवा. खालच्या पायऱ्या गार इंजिनावर करायच्या.

१. फ्यूज बघा. पंख्याचा फ्यूज जळला असेल, तर लिहिलेल्या तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घाला. विहिरीच्या मोटरला आपण कधी कधी तांब्याची तार लावतो, तशी इथे लावू नका. तार जळत नाही, मग गाडी जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठे घासून बॉडीला लागली आहे.

२. स्विच बघा. स्विचचा कपलर काढा. दोन वायरी असतील तर वायरच्या तुकड्याने दोन्ही एकमेकींना जोडा आणि चावी चालू करा. पंखा फिरला, तर मोटर, फ्यूज, रिले सगळे चांगले आहे. दोष स्विचचा, नाहीतर स्विचपर्यंत गरम पाणी पोचत नाही. एकच वायर असेल तर ती इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवून हीच परीक्षा होते.

स्विच काढून पातेल्यात पाणी तापवूनही पाहता येतो. बऱ्याच स्विचांवर ९२-८७ असे आकडे कोरलेले असतात. म्हणजे ९२ अंशांना जोडतो, ८७ ला सोडतो. बारा व्होल्टचा बल्ब त्याच्यातून जोडला तर पाणी उकळायच्या बेताला तो लागला पाहिजे. ज्या स्विचवर १०० किंवा त्याहून मोठा आकडा आहे, तो मात्र आपल्या पातेल्यात लागणार नाही. तो खराब आहे असे समजू नका.

३. मोटर बघा. स्विच जोडूनही पंखा फिरला नाही, तर मोटरचा कपलर काढून तिला बॅटरीतून थेट प्लस-मायनस द्या. मधे फ्यूज अवश्य ठेवा. फिरली तर दोष अलीकडे आहे. नाही फिरली तर मोटर गेली. मोटरवर हलकेच ठोकल्यावर ती फिरू लागते, असे असेल तर आतले ब्रश झिजले आहेत. ती रस्त्यात दगा देणार हे नक्की.

४. रिले बघा. रिले म्हणजे विहिरीच्या मोटरचा स्टार्टरच. थोड्या विजेने कॉइल ओढते आणि मोठी वीज पुढे जाते. चांगला रिले टिक असा आवाज करतो. हॉर्नचा रिले त्याच जातीचा असेल तर अदलाबदल करून पाहा. आवाज येतो, पण पंखा फिरत नाही, तर रिलेचे पॉइंट जळले असतील किंवा पुढची वायर, अर्थ खराब असेल.

५. दिशा बघा. मोटर बदलताना वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडतो. रेडिएटरच्या मागे पंखा असेल तर पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. दूर उडाला तर वायरी उलट आहेत.

स्विच बिघडला की काही ठिकाणी पंखा "डायरेक्ट" करून देतात, म्हणजे चावी लावली की सतत चालू. घरी पोचण्यापुरते हे ठीक. पण जोड चावीवरूनच घ्या आणि फ्यूजसह घ्या. थेट बॅटरीवर जोडला आणि रात्री बंद करायचे विसरले, तर सकाळी गाडी ढकलावी लागेल. चांगला स्विच मिळताच डायरेक्ट काढून टाका.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. तो ऐकू नका. वॉल काढला की हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, इंधन जास्त लागते, झीज वाढते. काही इंजिनांत तर वॉल नसल्याने पाणी रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरते आणि गाडी जास्तच तापते. खराब वॉलच्या जागी नवा वॉल, हाच उपाय.

काट्याची तपासणी

जुन्या, एका वायरीच्या सेंडरची परीक्षा सोपी आहे. सेंडर जसा तापतो तसा विजेला होणारा अडथळा कमी होतो आणि काटा चढतो. हे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे समजते.

काटा कधीच हलत नाही : चावी चालू ठेवून सेंडरची वायर काढा आणि इंजिनाच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवा. काटा चढू लागला तर मीटर चांगले, सेंडर खराब. चढलाच नाही तर वायर, फ्यूज किंवा मीटर. वायर टेकवून धरून बसू नका, मीटर जळेल.

काटा थंड गाडीतही वरच असतो : वायर काढा. खाली आला तर सेंडर खराब. नाही आला तर वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. उंदरांनी वायरी कुरतडल्या का, तेही बघा. धान्याच्या खोलीजवळ गाडी उभी राहत असेल तर हे फार होते.

दिवे लावले की काटा उडतो : अर्थ कच्चा आहे. बॅटरीपासून इंजिन आणि बॉडीला जाणारी मायनसची पट्टी सोडून, घासून, घट्ट बसवा. कितीतरी मीटरे यावाचून उगाच बदलली जातात.

पेट्रोलचा आणि उष्णतेचा असे दोन्ही काटे एकदमच चुकतात : दोन्ही सेंडर एकाच दिवशी जात नाहीत. जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरांना सारखी वीज देणारा छोटा रेग्युलेटर असतो, तो किंवा मीटरचा अर्थ तपासा. पेट्रोलच्या टाकीवरच्या वायरीला मात्र ठिणगी पाडून परीक्षा करू नका.

बऱ्याच नव्या लहान गाड्यांत काटाच नाही, फक्त दिवा आहे. निळा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे जास्त तापले. तो तापल्यावरच लागतो, आधी इशारा देत नाही. म्हणून लाल दिसताच थांबणे आले.

आणि एक इशारा. नव्या गाड्यांत सेन्सरचा निरोप कॉम्प्युटरला जातो आणि पंखाही तोच लावतो. त्या वायरी जोडून किंवा टेकवून पाहू नका, महागाचा डबा जाईल. सेन्सर खराब झाला तर अशा अनेक गाड्या सावधगिरी म्हणून पंखा सतत चालू ठेवतात. थंड गाडीतही पंखा फिरत राहिला, तर ही खूण समजा. तिथे फ्यूज, रिले, अर्थ आणि पाणी एवढेच आपण पाहावे. पुढचे काम मशीन लावून तपासणाऱ्याचे.

रस्त्यात तापली तर

एसी बंद करा. गाडीत हीटर असेल तर पूर्ण उघडा. उन्हाळ्यात हे वेडेपणाचे वाटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. सावली पाहून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. रोगी असेल तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा, गाडीची वाट पाहू नका.

रेडिएटरचे झाकण किमान अर्धा तास उघडू नका. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर येते आणि कातडी सोलून निघते. गार झाल्यावर जाड ओले बारदान झाकणावर ठेवून, तोंड बाजूला करून, आधी थोडेसे फिरवा. फुसफुस थांबली की मग काढा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. गार झाल्यावर, इंजिन सुरू ठेवून, थोडे थोडे घाला.

पाणी भरल्यावर झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले आणि सतत बुडबुडे येत राहिले, किंवा तेल दुधासारखे पांढरट झाले, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. ती गाडी हाकू नका, ओढूनच न्या.

आधीची काळजी

आपला जिल्हा कापसाचा. वेचणीच्या दिवसांत आणि जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू उडतात, ते रेडिएटरच्या जाळीत बसतात. त्यावर धूळ बसली की घोंगडी पांघरल्यासारखे होते. वणीकडे कोळशाची भुकटी हेच काम करते. हंगामात महिन्यातून एकदा तरी, इंजिन गार असताना, पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूकडे साध्या पाण्याने किंवा हवेने जाळी धुवा. जोराची धार मारू नका, पातळ पट्ट्या वाकतात.

बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये नको. पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच नळ्यांच्या आत बसतो. बॅटरीचे पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घाला, किंवा तयार मिसळलेले कूलंट घ्या. ते गंज रोखते आणि उकळबिंदूही वाढवते. पण लक्षात ठेवा, नेहमीचे कूलंट गोडसर आणि विषारी असते. काढलेले कूलंट गोठ्यात, अंगणात, नालीत ओतू नका. कुत्रे-शेळ्या चाटतात आणि मरतात. लेकरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा.

दर पंधरवड्याला, सकाळी, गाडी थंड असताना बाटलीतली पातळी पाहा. दहा मिनिटे गाडी उभी ठेवून पंखा लागतो आणि सुटतो का, तेही कानाने ऐका. नसेल लागत तर थोडा वेळ आणखी द्या. काटा मध्याच्या वर गेला तर बंद करून तपासा. गाडीत पाच लिटर स्वच्छ पाणी, तेवढ्याच अँपिअरचे दोन फ्यूज, एक हातभर वायर, टॉर्च आणि बारदानाचा तुकडा ठेवा.

घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलाला आणि सुनेलाही, एवढे तरी समजावून सांगा : काटा लालवर गेला की गाडी थांबवायची, झाकण उघडायचे नाही, आणि काटा आपोआप खाली आला म्हणून पुढे जायचे नाही. स्विच लहान किमतीत येतो, हेडचे काम हजारांत जाते. पत्रक गाडीच्या कप्प्यात ठेवा. शंका असल्यास गाडीचे नाव, साल आणि ती उभी असताना तापते की पळताना, एवढे लिहून कार्यक्रमाकडे पत्र पाठवा.